सराव की सुरुवात?

सातवा महिना, रात्रीचे अकरा. दिवसभराचं आवरून बाई अंथरुणावर टेकते आणि पोट एकदम आवळतं. "आवं, हात लावून बघा की, दगडावानी झालंय," ती नवऱ्याला म्हणते. तो हात लावेपर्यंत पोट पुन्हा मऊ पडलेलं असतं. मग सासू उठते. तिच्या मते संध्याकाळच्या वांग्यानं वारा धरला. शेजारच्या काकूंचं निदान तयारच असतं: खोट्या कळा आहेत, मला तिन्ही खेपेला आल्या होत्या. नवरा मोबाइलमध्ये शोधायला लागतो आणि जास्तच घाबरतो. बारामतीच्या गल्लीत काय आणि इंदापूर तालुक्यातल्या वस्तीवर काय, ही रात्र थोड्याफार फरकानं बऱ्याच घरांत येते. गंमत अशी, की नुसतं पोटाला हात लावून खात्रीचं उत्तर देणं सासूला जमत नाही, तसंच ते निष्णात डॉक्टरलाही जमत नाही. का जमत नाही, हे बघायला गेलं की गर्भपिशवी या अवयवाचा अचंबा वाटायला लागतो.

एरवी ही पिशवी साठ-सत्तर ग्रॅमची. आत जागा किती, तर दोन चमचे पाणी मावेल एवढी. दिवस भरत येतात तेव्हा तिचंच वजन किलोभर झालेलं असतं आणि बाळ, वार, पाणी असं मिळून पाचेक लिटरचा ऐवज तिच्यात बसतो. जागा पाचशे पटींहून जास्त वाढलेली असते. यासाठी नवीन पेशी फारशा तयार होत नाहीत. आहेत त्याच स्नायूपेशी लांबी-रुंदीला अनेक पटींनी वाढतात. बाळंतपण झालं की सहा आठवड्यांत सगळं ओसरून पिशवी पुन्हा शंभर ग्रॅमच्या आत येते.

स्नायूचा धर्म आवळण्याचा. या स्नायूकडून मागणी मात्र उलटी आहे. नऊ महिने धरून ठेव, आणि मग एका दिवसात सगळा जोर लाव. धरून ठेवण्याचं काम मुख्यतः प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक करतं. ते स्नायूला शांत ठेवतं, पण अगदी निपचित पडू देत नाही. पिशवी अधूनमधून आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते. पहिल्या तीन महिन्यांपासूनच हे चालू असतं, फक्त बाईला कळत नाही. पाचव्या महिन्यानंतर कधीतरी ते जाणवायला लागतं; दुसरी-तिसरी खेप असेल तर जरा आधी.

हे जगाच्या लक्षात आणून दिलं जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी. लंडनच्या गायज हॉस्पिटलात ते प्रसूतीचं काम बघत, आणि त्यांचा यावरचा निबंध १८७२ साली छापून आला. 'ब्रॅक्स्टन हिक्स कळा' हे नाव ऐकून असे दोन डॉक्टर असावेत असं पुष्कळांना वाटतं, माणूस एकच. त्यांनी वेगळं केलं ते एवढंच, की गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी वीस मिनिटं तो तसाच ठेवला. घाईनं तपासून हात उचलला तर जे सापडत नाही ते त्यांना त्या थांबण्यामुळे सापडलं: पिशवी काहीही कारण नसताना आपणहून घट्ट होते आणि आपणहून सुटते. त्यांना याचा उपयोगही दुसराच दिसला. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, लघवीच्या थेंबावर सांगणारी पट्टी नव्हती. पोट वाढलंय ते गर्भामुळे की गाठीमुळे, हा डॉक्टरांपुढचा खराखुरा पेच होता. हिक्स म्हणाले, हात ठेवून वाट बघा. आवळून सुटणारं असेल तर गर्भ आहे. ज्या आवळण्यानं आज घर जागं होतं, ती त्यांच्या लेखी गर्भ असल्याची खूण होती.

मग पिशवीचा हा आवळण्याचा सराव आणि प्रसूतीची खरी सुरुवात यांत फरक कशाचा? नुसत्या जोराचा नाही. फरक एकजुटीचा आहे.

हृदयात ठोका कुठून सुटणार हे ठरलेलं असतं. गर्भपिशवीत असं ठरलेलं ठिकाण आजवर सापडलेलं नाही. कोट्यवधी स्नायूपेशींपैकी कुठलाही पुंजका आपल्या मनानं सुरू होऊ शकतो. गरोदरपणाचा बराच काळ या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या वाटा फार थोड्या असतात, त्यामुळे एकीकडे उठलेली लहर थोडी पुढे जाते आणि विरते. आषाढी वारीत बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन उमगेल. रिंगण लागायच्या आधी टाळकरी जागोजाग उभे असतात. कुणी टाळाची दोरी बघतो, कुणी आपल्यापुरते दोन ठोके धरतो. आवाज भरपूर, पण ठेका एक नाही. मग पखवाजावर थाप पडते आणि शेकडो टाळ एकाच मात्रेवर पडायला लागतात. टाळ तेच, हात तेच. आता मात्र जमीन हलते.

प्रसूती जवळ आली की पिशवीत हेच घडतं. पेशी-पेशींच्या मध्ये कनेक्सिन-४३ नावाच्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म नळ्या तयार होतात. एका पेशीतली विजेची लहर त्यांतून शेजारणीत जाते, तिथून पुढे, आणि बघता बघता सगळी पिशवी एका वेळी आवळते. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला दाद देणाऱ्या जागाही पेशींवर कितीतरी पटींनी वाढतात. शिवाय आणखी एक बारकावा आहे, आणि मला तो या सगळ्या कारभारातला सर्वांत सुंदर वाटतो. खऱ्या कळेत पिशवीचा वरचा भाग जास्त जोरात आवळतो, आणि कळ ओसरली तरी त्याचे धागे मूळ लांबीवर परत जात नाहीत; दर कळेला किंचित आखूड होऊन तिथेच थांबतात. त्यामुळे खालचं तोंड थोडं थोडं वर खेचलं जातं, पातळ होतं, उघडतं. सरावाच्या कळेत पोट आवळतं आणि सुटतं. तोंड जिथल्या तिथं असतं.

म्हणजे खरा निकाल पोटावर हात ठेवून लागतच नाही. तो लागतो पिशवीच्या तोंडाशी. बाहेरून मिळतात त्या फक्त खुणा.

त्या खुणा मात्र कामाच्या आहेत, नीट घेतल्या तर. आधी लघवीला जाऊन यायचं, कारण भरलेल्या मूत्राशयानंही पिशवी चाळवते. दोन पेले पाणी प्यायचं, डाव्या कुशीवर पडायचं आणि बेंबीच्या वर तळहात सपाट ठेवायचा. पिशवी सैल असते तेव्हा बोटं किंचित आत दबतात, बाळाचा एखादा अवयव हाताला लागतो. आवळली की बोटं आत जात नाहीत, सगळीकडे सारखं टणक लागतं. ते सुरू झालं ती वेळ मोबाइलवर बघून लिहून ठेवायची, पुढचं कधी सुरू झालं तेही लिहायचं. एका आवळण्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर मोजायचं. मधला विसावा मोजायचा नाही. सरावाच्या कळा या मोजणीत फार टिकत नाहीत. एक आली, पंचवीस मिनिटांनी दुसरी, मग आठ मिनिटांनी तिसरी, मग काहीच नाही. कूस बदलली, थोडं चाललं, पाणी पोटात गेलं की त्या मंदावतात. खऱ्या कळांना कुशीची पर्वा नसते. त्या ठरावीक अंतरानं येतात, अंतर कमी होत जातं, प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा जास्त वेळ टिकते.

पाण्याचं कारणही मजेशीर आहे. अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी व्हॅसोप्रेसिन सोडते. मूत्रपिंडाला पाणी वाचवायला सांगणारं हे संप्रेरक. ऑक्सिटोसिनही तिथूनच येतं. दोन्ही रेणू नऊ-नऊ अमिनो आम्लांचे, आणि त्यांच्यात फरक आहे तो फक्त दोन अमिनो आम्लांचा. इतक्या सारख्या चेहऱ्यांमुळे पिशवीची थोडी गल्लत होते, असं मानतात. उन्हात राबलेल्या, पाणी न प्यालेल्या बाईचं पोट संध्याकाळी वारंवार आवळतं त्यामागे हे एक कारण असू शकतं. पण एक ध्यानात ठेवायला हवं. पाण्यानं सराव शांत होतो, खरी सुरू झालेली प्रसूती पाण्यानं थांबत नाही. सलाइन लावूनही थांबत नाही.

कळ म्हणजे किंचाळायला लावणारं दुखणं, ही आपली सिनेमानं करून दिलेली समजूत आहे आणि ती घातक आहे. दिवस भरायच्या आधी सुरू होणाऱ्या कळा बऱ्याचदा सौम्य असतात. कंबर भरून येते आणि थांबून थांबून दुखते. पाळीच्या वेळी दुखतं तसं ओटीपोट दुखतं. खाली काहीतरी दाटून आल्यासारखं जड वाटतं. अंगावरून नेहमीपेक्षा जास्त, पाण्यासारखं किंवा लालसर जातं. कुणाला नुसता पोटात मुरडा येतो आणि घरचे ओवा देतात. म्हणून सदतिसाव्या आठवड्याच्या आत असताना तासाभरात चारपाचदा पोट आवळलं तर, दुखत नसलं तरी, दवाखाना गाठायचा. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मोजणीचा तास घालवायचाच नाही.

आता सदतिसावा आठवडा म्हणजे कधी, हे कळायला हिशेब पक्का पाहिजे. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणायची रीत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावानं रूढ झालेला नियम सांगतो, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस. आजीच्या आणि जर्मन डॉक्टरच्या हिशेबात दोनच दिवसांचा फरक! डॉक्टर त्याचे चाळीस आठवडे करतात, आणि सदतीस पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ मुदतपूर्व धरतात. पण पाळीची तारीख आठवत नसेल किंवा पाळी अनियमित असेल तर सगळा हिशेब सरकतो. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी वय जवळजवळ अचूक सांगते. शेवटच्या महिन्यांतली दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकते. तो पहिला कागद म्हणूनच मोलाचा.

आणि नेमका तोच कागद मागे राहतो. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात डोहाळेजेवण होतं, ओटी भरली जाते आणि मुलगी हडपसरहून किंवा चिंचवडहून निमगाव केतकीला, नाहीतर भिगवणला येते. मुदतपूर्व कळांचा धोका ज्या आठवड्यांत जपायचा, त्याच आठवड्यांत तिचा डॉक्टर बदलतो. बॅगेत साड्या, लाडू, बाळाची टोपडी सगळं असतं. माता व बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीची फाइल सासरच्या कपाटात. मग रात्री पोट आवळलं की नव्या डॉक्टरपुढचा पहिलाच प्रश्न, हे किती आठवड्यांचं आहे, अनुत्तरित.

कपाटाचा विषय निघालाच आहे तर डोक्यातल्या एका जुन्या समजुतीचाही काढू. सातव्यातलं वाचतं, आठव्यातलं वाचत नाही, असं आजही गावोगाव ऐकू येतं. ही समजूत साधीसुधी नाही, तिला मोठी वंशावळ आहे. सुश्रुतसंहिता सांगते की आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं, म्हणून तेव्हा जन्मलेलं मूल जगत नाही. हजारो मैल दूर ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात आठव्या महिन्याच्या गर्भावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्याचंही म्हणणं तेच. दोन थोर वैद्यक परंपरा एकाच निष्कर्षावर आल्या आणि दोन्ही चुकल्या, याचं मला फार कुतूहल वाटतं. प्रत्यक्षात पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो; आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही जास्त तयार. समजुतीनं नुकसान होतं ते असं, की आठव्यात कळा आल्या तर घरचे आधीच हात टेकतात, आणि सातव्यात आल्या तर निर्धास्त राहतात.

दवाखान्यात गेल्यावर काय होतं? आतून तपासून पिशवीचं तोंड मिटलेलं आहे की उघडतंय ते बघतात. सोय असेल तिथे आतून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजतात. ती तीस मिलिमीटरहून जास्त भरली तर लगेच प्रसूती होण्याची शक्यता बरीच कमी. पंचवीसच्या खाली असेल तर सावध व्हायचं. काही वेळा दोन-चार तास थांबवून पुन्हा तपासतात, कारण एका तपासणीत उत्तर मिळत नाही. तोंड बदलतंय का, हा प्रश्न असतो. आणि इथे आकडे थक्क करतात. मुदतपूर्व कळांसाठी दवाखान्यात दाखल केलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या पुढे पूर्ण दिवस भरूनच बाळंत होतात. निदान झालेल्यांपैकी पुढच्या सात दिवसांत बाळंत होणाऱ्या दहांत एकही नसते. सगळी यंत्रं हाताशी असलेल्या देशांतला हा हिशेब आहे. तेव्हा "उगाच धावत आलो" म्हणून लाजायचं काहीच कारण नाही. डॉक्टरही बऱ्याचदा सरावालाच सुरुवात समजतात.

तोंडाचा विषय निघाला की एका आपल्या माणसाचं नाव घ्यावंच लागतं. विठ्ठल नागेश शिरोडकर. १८९९ साली गोव्यातल्या शिरोड्यात जन्म, कारकीर्द मुंबईत. काही बायकांचं चौथ्या-पाचव्या महिन्यात पिशवीचं तोंड गुपचूप उघडतं. कळ नाही, आवळणं नाही, सराव नाही न सुरुवात नाही, आणि गर्भ निसटतो. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. शिरोडकरांनी विचार केला, तोंड ढिलं पडतं तर ते बांधून टाकू. बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट पापुद्र्याची पट्टी काढून त्यांनी ती तोंडाभोवती आवळली. १९५५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. जगभरच्या प्रसूतिगृहांत आजही शिरोडकर टाका याच नावानं तो ओळखला जातो. लंडन-न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना शिरोडा कुठे ते सांगता येणार नाही, पण त्या गावाचं नाव ते अधूनमधून उच्चारत असतात.

कळा खऱ्या आहेत असं ठरलं तर? त्या कायमच्या थांबवणारं औषध नाही. निफेडिपिनसारख्या, एरवी रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, गोळीनं दोनेक दिवस पुढे ढकलता येतात. ते दोन दिवस कशाला हवेत, याची गोष्ट मेंढ्यांपासून सुरू होते. बारामती-इंदापूरच्या धनगरवाड्यावर वेगळं सांगायला नको, की मेंढी पाच महिन्यांनी विते. तिची प्रसूती सुरू कशी होते हे न्यूझीलंडमधले ग्रॅहॅम लिगिन्स शोधत होते. त्यांना दिसलं की इशारा पोटातलं कोकरूच देतं, आपल्या शरीरातल्या कॉर्टिसोलमधून. माणसात हे कुलूप अजून पूर्ण उघडलेलं नाही. इथे वारेतल्या एका संप्रेरकाची पातळी आठवड्यागणिक चढत जाते आणि ती घड्याळासारखं काम करत असावी, असा अंदाज ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडला. लिगिन्स यांनी पोटातल्या कोकरांना औषध देऊन ती महिनाभर आधी जन्माला आणली. त्यांतलं एक, ११७ दिवसांचं, हिशेबाप्रमाणे जन्मताच मरायला हवं होतं. ते श्वास घेत होतं. त्याच्या फुप्फुसात हवा शिरली होती. प्रसूतीचं कोडं सोडवायला गेलेल्या माणसाला फुप्फुस वेळेआधी तयार करणारं औषध सापडलं. १९७२ साली त्यांनी रॉस हॉवी यांच्यासह २८२ मातांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि पुढे ढकललेल्या त्या दोन दिवसांत द्यायचं हे स्टिरॉइडचं इंजेक्शन आज मुदतपूर्व बाळांसाठीच्या सर्वांत उपयोगी उपचारांत गणलं जातं. भारत सरकारनं २०१४ पासून ते उपकेंद्रातल्या परिचारिकेच्याही हाती दिलं: चोवीस ते चौतीस आठवड्यांत खऱ्या कळा सुरू असतील तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी चार वेळा. निदान पहिला डोस देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

मग पोट आवळलेल्या प्रत्येकीला टोचून का टाकू नये? हा प्रश्न खरंच विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरात नागपूर आणि बेळगाव ही दोन गावं आहेत. सहा देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना धोक्यातल्या माता ओळखून हे इंजेक्शन द्यायला शिकवलं. २०१५ साली निकाल आला आणि सगळे चक्रावले. ज्या भागांत ही मोहीम राबवली तिथे नवजात मृत्यू हजारी २७.४, जिथे नाही तिथे २३.९. इंजेक्शन मिळालेल्या बहुसंख्य माता मुदतपूर्व बाळंत होणाऱ्या नव्हत्याच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा अभ्यास केला. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज त्यातही होतं. या वेळी रुग्णालयात, सोनोग्राफीनं वय नक्की करून, प्रसूती खरोखर जवळ आहे हे पाहून औषध दिलं. २०२० च्या निकालात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. औषध त्याच जातीचं. फरक पडला तो ओळखण्यात आणि नंतरच्या काळजीत. सराव आणि सुरुवात यांतला फरक हा नुसता घरगुती घोर नाही, त्यावर जीव अवलंबून असतात, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसलं नसेल. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं मुदतीआधी जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतात.

आता ज्या बाईला डाव्या कुशीवर पडून तासभर मोजायला सांगितलं, ती ऊसतोडीला आलेली असेल तर काय, ते पाहू. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. या पट्ट्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. गाळप सुरू झालं की बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून तोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला कोपीतून, म्हणजे झोपडीतून, बाहेर, दिवसभर तोड, पाचट सारणं, मोळ्या बांधणं, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं; गाडी रात्री आली तर रात्री. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून, म्हणजे आगाऊ रकमेतून, कापले जातात. फडात आडोसा नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात. पाणी कमी म्हणून पोट जास्त आवळतं. लघवी धरून ठेवल्यानं जंतुसंसर्ग होतो, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हे मुदतपूर्व कळांचं नेहमीचं कारण आहे. पोट आवळणं तिला रोजचंच, म्हणून त्यातली वेगळी कळ तिला वेगळी वाटत नाही. तिचं कार्ड गावाकडच्या पेटीत, नोंद तिकडच्या यादीत. इथल्या आशाताईंच्या वहीत ती नसतेच.

बारामतीत सरकारी महिला रुग्णालय आहे, २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. अंतर फार नाही. अडतं ते कोपीपासून डांबरी रस्त्यापर्यंत.

म्हणून इथल्या ऊसवाल्या शेतकऱ्यांना एक विनंती. तुमच्या वावरात टोळी उतरली की कुणी गरोदर आहे का ते विचारा आणि गावच्या आशाताईंना कळवा. फडाच्या कडेला पिण्याचं पाणी ठेवा, साड्यांचा का होईना एक आडोसा करून द्या. कुणी म्हणाली की कंबर थांबून थांबून दुखतेय किंवा पोट सारखं आवळतंय, तर तुमच्या फोनवरून १०८ लावा आणि गाव, वस्ती, जवळचा रस्ता तुम्हीच सांगा, कारण तिला तो पत्ता माहीत नसतो. रुग्णवाहिका मोफत येते, आणि त्यासाठी टोळीच्या मुकादमाच्या परवानगीची गरज नाही.